सुधारगृहांचा हिशेब

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गणित शिकवत, आणि उत्तर बरोबर असलं तरी कृती दाखवल्याशिवाय पूर्ण गुण देत नसत, असं संयोजकांनी मला कळवलं. माझ्या विषयाला एवढा धागा पुरेसा आहे. गंभीर गुन्हा केलेल्या मुलांचं काय करावं, याचं उत्तर आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात असतं. कृती मात्र फार थोड्यांनी दाखवली आहे.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण जीव गेले आणि बालन्याय मंडळानं जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्या तीनशे शब्दांवर महाराष्ट्रानं तीन लाख शब्द खर्च केले असतील. संताप रास्त होता. पण त्या गदारोळात एक प्रश्न कुठं ऐकू आला नाही. निबंधानं मूल बदलतं का, कोठडीनं बदलतं का, समुपदेशनानं बदलतं का, हे कुणी मोजून पाहिलंय का? मोजून पाहिलंय. गेली ऐंशीहून जास्त वर्षं लोक मोजताहेत, आणि हाती जे आलंय ते ‘चौदावं रत्न दाखवा’ म्हणणाऱ्यांच्याही सोयीचं नाही आणि ‘लेकरंच आहेत ती’ म्हणणाऱ्यांच्याही.

आधी चौदाव्या रत्नाची गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या राहवे तुरुंगात 1976 च्या सुमारास जन्मठेपेच्या कैद्यांनी एक उपक्रम सुरू केला. वाट चुकलेल्या पोरांना काही तास तुरुंगात आणायचं आणि कैद्यांनी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, ओरडून, आत काय काय होतं ते सांगायचं. पोरं रडायची, थरथरायची. 1978 मध्ये त्यावर ‘स्केअर्ड स्ट्रेट!’ नावाचा माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं. आलेल्या सतरा मुलांपैकी सोळा मुलं तीन महिन्यांनंतरही सरळ वागताहेत, असं माहितीपटानं सांगितलं. देशभरातून या उपक्रमाला मागणी आली. खर्च जवळजवळ शून्य, परिणाम डोळ्यांसमोर. आणखी काय हवं?

रटगर्स विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स फिंकेनॉअर यांना आणखी एक गोष्ट हवी होती: न गेलेली मुलं. त्यांनी तुरुंगात जाऊन आलेली 46 मुलं घेतली आणि न गेलेली 35 मुलं घेतली. सहा महिन्यांनी पाहिलं, तर न गेलेल्यांपैकी 11 टक्के मुलांनी पुन्हा गुन्हा केला होता. जाऊन आलेल्यांपैकी 41 टक्के. पुढं अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा नऊ प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले. निष्कर्ष असा की या मुलांसाठी काहीच केलं नसतं तरी ते यापेक्षा बरं ठरलं असतं. तरीही 2011 मध्ये त्याच निर्मात्याची त्याच विषयावरची नवी मालिका अमेरिकी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, आणि चांगली चालली.

आपल्याकडे कोयता फिरवणाऱ्या टोळक्यांची पोलीस त्यांच्याच वस्तीतून धिंड काढतात. बघ्यांना बरं वाटतं. धिंड निघालेल्यांचं वर्षभरानंतर काय झालं, हे त्या बघ्यांतला कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

आता मायेच्या बाजूची गोष्ट. ती मला जास्त अस्वस्थ करते. मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही दोन जोडशहरं आहेत. तिथं 1939 मध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी एक प्रयोग सुरू केला. सरासरी दहा-अकरा वर्षांची 506 मुलं. वय, घर, स्वभाव, परिस्थिती पाहून त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतला एक मुलगा नाणं उडवून निवडला. निवडलेल्या मुलाला एक समुपदेशक मिळाला. तो महिन्यातून साधारण दोनदा घरी यायचा, अभ्यासाला मदत मिळवून द्यायचा, दवाखान्यात न्यायचा, उन्हाळी शिबिराला पाठवायचा. असं सरासरी पाच-साडेपाच वर्षं चाललं. जोडीतल्या दुसऱ्या मुलाला यातलं काही मिळालं नाही.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या मुलांचा शोध घेतला. तोवर ती चाळिशी ओलांडलेली माणसं झाली होती. मॅकॉर्डबाईंनी न्यायालयाची, रुग्णालयांची, मृत्यूची दप्तरं तपासली. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी ‘त्या कार्यक्रमाचा मला फायदा झाला’ असं सांगितलं. काहींनी आपल्या समुपदेशकाची आठवण फार आपुलकीनं काढली. दप्तरं वेगळं सांगत होती. एकाहून जास्त गुन्हे करण्यात, दारूच्या आहारी जाण्यात, लवकर मरण्यात मदत मिळालेला गट पुढं होता. 1978 मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा समाजसेवेच्या क्षेत्रात बराच राग उसळला. नंतरच्या तपासात दिसलं की नुकसानीचा मोठा वाटा पुन्हा पुन्हा शिबिराला गेलेल्या मुलांत होता. बिघडण्याच्या उंबरठ्यावरची पोरं एकत्र ठेवली की ती एकमेकांना शिकवतात, आणि शिबिरातल्या ताईदादांपेक्षा जास्त चांगलं शिकवतात.

ही मुलं गंभीर गुन्हेगार नव्हती, हे मला माहीत आहे. तरी हा प्रयोग सांगितला, कारण आपल्याकडच्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत शेवटी जी ‘मनोगतं’ छापतात, त्यांचं वजन किती धरायचं हे केंब्रिज-सॉमरव्हिलनं ठरवून दिलं आहे. लाभार्थी मनापासून धन्यवाद देतो आणि तरीही त्याचं नुकसान झालेलं असू शकतं. तो खोटं बोलत नसतो. आपल्या जोडीतला दुसरा मुलगा पुढं कसा झाला, हे त्याला ठाऊकच नसतं.

तो दुसरा मुलगा का हवा, याचं आणखी एक कारण आहे. गुन्हेगारीला वय असतं. पंधरा-सोळाच्या पुढं ती चढते आणि विशीत शिरल्यावर बहुतेकांच्या बाबतीत आपसूक उतरते. लग्न, नोकरी, अंगातली मस्ती ओसरणं, काहीही म्हणा. त्यातच मुलगा संस्थेत येतो तो त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत. तिथून खाली जायला फारशी जागा नसते. म्हणजे सतराव्या वर्षी आलेल्या पोराला तुम्ही तबला शिकवा, शिवण शिकवा, ध्यानाला बसवा किंवा नुसतं बसवून ठेवा, एकविसाव्या वर्षी तो बरा दिसण्याची शक्यता मुळातच चांगली असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि मग कावळा अहवाल लिहितो.

यातून ‘मग काहीच उपयोगाचं नाही’ असा निष्कर्ष काढायची घाई झाली होती. 1974 मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन यांनी 231 अभ्यास चाळून लिहिलेल्या लेखाचा लोकांनी तेवढाच अर्थ घेतला. 1979 मध्ये त्यांनी स्वतःच तो निष्कर्ष मागं घेतला, पण तोवर तुरुंग बांधायची निविदा निघाली होती. पुढं मार्क लिप्सी आणि डेव्हिड विल्सन यांनी फक्त गंभीर गुन्ह्यांतल्या मुलांवरचे 200 अभ्यास एकत्र केले. सरासरी अशी आली: काही न केलेल्या शंभर मुलांपैकी 50 पुन्हा गुन्ह्यात सापडत असतील, तर कार्यक्रमातून गेलेल्या शंभरांपैकी 44. सहा मुलांचा फरक. आणि ही सरासरी. तिच्या पोटात उत्तम कार्यक्रमही आहेत, निरुपयोगीही आहेत आणि उलटे पडलेलेही.

त्या उत्तमांपैकी एकापाशी मी थोडा वेळ थांबणार आहे. विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन शहरी मेंडोटा नावाचं जुनं मनोरुग्णालय आहे. 1995 मध्ये तिथं मुलांसाठी एक उपचार केंद्र सुरू झालं. त्यात कोण येतं? राज्याच्या बालसुधार संस्थांनी हात टेकलेली मुलं. आतल्या आत मारामाऱ्या करणारी, कर्मचाऱ्यांवर विष्ठा फेकणारी, एकांत कोठडीत टाकलं की आणखी पेटणारी. आपल्या भाषेत, ओवाळून टाकलेली.

मायकेल कॉल्डवेल आणि ग्रेगरी व्हॅन रायब्रोक या मानसशास्त्रज्ञांनी तिथं एक साधं निदान मांडलं. शिक्षा केली की पोरगा उद्दाम होतो, उद्दाम झाला की शिक्षा वाढते, वाढली की तो आणखी उद्दाम होतो, आणि काही वर्षांत त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरतच नाही. हा दाब उतरवायचा, हे पहिलं काम. एका दालनात पंधराएक मुलं. शेजारीच मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका. आठवड्यातून एकदा चक्कर टाकून जाणारे नव्हेत, रोजचे. आणि ‘आज-उद्या’ नावाची पद्धत. दिवसभरातल्या वागण्याला कर्मचारी गुण देतात आणि त्यावर उद्याच्या सवलती ठरतात. फक्त उद्याच्या. आज कुणावर खुर्ची उचलली तर उद्याचा खेळ गेला. पण उद्या नीट वागलं तर परवा तो परत मिळतो. आपल्याकडच्या निवासी शाळेत एकदा नाव खराब झालं की ते दहावीपर्यंत पुसत नाही. मेंडोटात पाटी रोज पुसली जाते. ज्या कर्मचारी बाईवर मुलानं हल्ला केला, तीच दुसऱ्या दिवशी तितक्याच शांतपणे उपचारासाठी त्याच्याकडे येते, आणि पोराला नेमकं हेच कळेनासं होतं. आपल्याला हाकलून देणं हे समोरच्याचं काम आहे, एवढंच आजवर त्याला ठाऊक असतं.

निकाल असे. अत्यंत थंड, बेदरकार स्वभावाच्या 141 मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला तेव्हा मेंडोटात उपचार न मिळालेल्या मुलांचं बाहेर हिंसाचार करण्याचं प्रमाण उपचार मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. खर्चाचाही अभ्यास झाला. उपचार मिळालेली 101 मुलं आणि त्यांच्याशी जुळणारी 101 मुलं, सरासरी साडेचार वर्षांचा मागोवा. मेंडोटातल्या मुलावर सुमारे सात हजार डॉलर जास्त लागले, आणि पुढचे खटले व तुरुंगवास टळल्यामुळं एका डॉलरमागं सात डॉलरांहून अधिक वाचले. आणखी एक आकडा आहे, तो मी आवाज न चढवता सांगतो. तुलनेतल्या मुलांच्या हातून त्या काळात सोळा खून झाले. मेंडोटातल्या मुलांच्या हातून एकही नाही.

टाळ्या वाजवण्याआधी कृती तपासू. इथं नाणं उडवलेलं नव्हतं. काही मुलं मेंडोटात राहिली, काही थोडे दिवस राहून मूळ संस्थेत परत गेली, आणि त्यांची तुलना झाली. कोण राहावं आणि कोण परत जावं, हे ठरवण्यात माणसांचा हात होता. संशोधकांनी संख्याशास्त्रानं दोन्ही गट शक्य तितके सारखे करून घेतले, पण नाण्याची सर त्याला येत नाही. दुसरं, ज्यांनी केंद्र घडवलं त्यांनीच ते तपासलं. या क्षेत्रात हे पुन्हा पुन्हा दिसतं: घडवणाऱ्यानं मोजलं की गुण जास्त पडतात. त्यांना मी लबाड म्हणत नाही. घडवणारा जातीनं उभा असतो तेव्हा काम चोख होतं, आणि त्याची पाठ वळली की तीच पुस्तिका हातात घेऊन लोक वेगळंच काहीतरी करतात.

याचा पुरावा इंग्लंडनं दिला. अमेरिकेत मुलाला घरीच ठेवून आई-बाप, शाळा, वस्ती या सगळ्यांवर एकदम काम करणारी एक गाजलेली पद्धत आहे, बहुव्यवस्था उपचार म्हणू. मिसुरीतल्या 176 मुलांवर तिचे फार देखणे निकाल आले होते. पुढं इंग्लंडमध्ये नऊ ठिकाणी 684 कुटुंबांवर तिची नीट चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून गट पाडले. दीड वर्षानंतर घराबाहेर ठेवावी लागलेली मुलं नव्या पद्धतीत 13 टक्के, नेहमीच्या सेवेत 11 टक्के. म्हणजे काही फरक नाही. स्वीडनमध्येही असंच झालं. याचं एक कारण अगदी सरळ आहे. तिथली ‘नेहमीची सेवा’च बऱ्यापैकी होती. कशाशी तुलना करतो, यावर कार्यक्रमाची उंची ठरते. आपल्याकडे नेहमीची सेवा म्हणजे अनेकदा एक टीव्ही, एक कॅरम बोर्ड आणि कुलूप. त्याच्याशेजारी काहीही उभं केलं तरी ते उंच दिसेल, आणि स्वयंसेवी संस्थांनी याचा फायदा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. उलटून पाहिलं तर जिथं आज काहीच होत नाही, तिथं चांगल्या कामाला मिळणारं यशही मोठं असू शकतं. मी या दुसऱ्या बाजूला आहे, पण मोजल्याशिवाय नाही.

आता आपल्या कायद्याकडे येतो. दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेत एक आरोपी अल्पवयीन होता, त्यावरून देशात जो क्षोभ झाला त्यातून बालन्याय अधिनियम, 2015 आला. सोळा ते अठरा वयातल्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा, तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याचा खटला प्रौढासारखा चालवता येतो. दोषी ठरला तरी एकविसाव्या वर्षापर्यंत तो तुरुंगात जात नाही, त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवतात. तिथं शिक्षण, कौशल्य, समुपदेशन, मानसोपचार मिळायला हवेत, असं कायदा सांगतो. दरवर्षी अहवाल हवा. आणि तो एकवीस वर्षांचा झाला की कलम 20 लागू होतं: त्याच्यात सुधारणा झाली का आणि तो समाजाला उपयोगी पडेल का, हे बाल न्यायालयानं परिवीक्षा अधिकाऱ्यामार्फत किंवा समाजकार्यकर्त्यामार्फत तपासून घ्यायचंच. उत्तर ‘हो’ असेल तर अटींवर सुटका. ‘नाही’ असेल तर उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंग.

हे कलम कागदावर मला आवडतं. पण त्या एकविसाव्या वाढदिवशी न्यायाधीशांच्या टेबलावर काय येतं ते पाहा. अशा अहवालांची भाषा त्या क्षेत्रातल्या कुणालाही पाठ असते. ‘वर्तणूक समाधानकारक. शिवणकामाचे प्रशिक्षण घेत आहे. पश्चात्ताप व्यक्त करतो. कुटुंबाचा आधार आहे.’ चार वाक्यं, नाव बदललं की पुढच्या मुलाला चालणारी. परिवीक्षा अधिकारी कामचुकार असतात म्हणून असं होतं, असं समजू नका. एका माणसाकडे सामाजिक तपासणी अहवाल, मंडळाच्या तारखा, गृहभेटी, शिवाय विभागाची इतर दहा कामं असली की समाधानकारक हाच शब्द उरतो. शिवाय कुलपाआड नीट वागणं हा बाहेरच्या वागण्याचा कच्चा पुरावा आहे. आत कुणाचं ऐकायचं हे हुशार पोरगा पंधरवड्यात ओळखतो.

खरी मेख पुढं आहे. समजा, न्यायाधीशांना वाटलं की मुलगा सुधारला नाही. हे अपयश कुणाचं? तीन वर्षं समुपदेशकाचं पद रिकामं असेल, शिवणयंत्रं बंद पडलेली असतील, मानसोपचारतज्ज्ञ कधी फिरकलाच नसेल, तरी तुरुंगात जातो तो मुलगा. संस्थेला कुणी काही विचारत नाही. त्याच कायद्यात कलम 54 प्रमाणे तपासणी समित्या आहेत, त्यांनी तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. खाटा, स्वयंपाकघर, शौचालयं, नोंदवह्या पाहायच्या, पाहायलाच हव्यात. पण इथून बाहेर पडलेल्या मुलांचं पुढं काय झालं, हे त्या भेटीत दिसू शकत नाही. संस्थांचं स्वतंत्र मूल्यमापन कलम 55 मध्ये आहे. सरकारला ते करता येईल, असं तिथं म्हटलं आहे. मुलाचं मूल्यमापन सक्तीचं आणि संस्थेचं ऐच्छिक! मला या कायद्यातली सर्वांत मोठी गफलत हीच वाटते.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मागोवा घ्यायचा तर नोंदी हव्यात, आणि आपला कायदा बहुतेक मुलांच्या दोषसिद्धीच्या नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट करायला सांगतो. ओळख उघड करायलाही बंदी आहे. हे दोन्ही योग्य आहे. पोराला नोकरी लागू द्यायची असेल तर त्याच्या कपाळावर शिक्का नको. पण नाव पुसूनही आकडा राखता येतो. सुटकेच्या दिवशी मुलाला एक सांकेतिक क्रमांक द्यायचा, त्याची किल्ली बाल न्यायालयाकडेच ठेवायची, दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी न्यायालयानं ताळा पाहायचा आणि विभागाच्या हाती फक्त बेरीज ठेवायची. त्याला संगणकाची मोठी यंत्रणा लागत नाही, एक कारकून लागतो.

महाराष्ट्राला ही सुरुवात करायचा हक्क आहे. मुंबईत डेव्हिड ससून औद्योगिक शाळा 1857 मध्ये सुरू झाली, मुंबई बालक अधिनियम 1924 मध्ये आला. इतक्या जुन्या परंपरेच्या राज्यात कोणत्या गृहातून बाहेर पडलेली मुलं पुन्हा गुन्ह्यात कमी सापडतात, हा साधा प्रश्न विचारला तर उत्तर देणारी खिडकी नाही. ज्यांनी नवा कार्यक्रम सुरू करायचा त्यांनी तो एकदम सगळ्या गृहांत लावू नये. जागा कमी असतेच. मग चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना आधी द्यावा, निम्म्यांना वर्षानं. अर्धवट सोडून गेलेली मुलंही हिशेबात धरावीत, कारण टिकलेल्यांचीच मोजणी केली की कुठलाही कार्यक्रम यशस्वी होतो. आणि मोजणारा बाहेरचा असावा. महाराष्ट्रात समाजकार्याची इतकी महाविद्यालयं आहेत, दरवर्षी इतके लघुप्रबंध लिहून घेतात, त्यातले काही या कामी लावायला विद्यापीठांना कुणाची परवानगी लागणार आहे?

सभागृहात वकील आहेत, शिक्षक आहेत, एक-दोन नगरसेवकही दिसताहेत. तुमच्याकडे माझं मागणं मोजकं आहे. महिला व बालविकास विभागानं दरवर्षी प्रत्येक निरीक्षण गृह, विशेष गृह आणि सुरक्षित ठिकाणासाठी एक पान प्रसिद्ध करावं: किती मुलं आली, किती सुटली, समुपदेशकाचं पद किती महिने रिकामं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी सुटलेल्यांपैकी किती पुन्हा मंडळापुढं किंवा न्यायालयापुढं आली. नावं नकोत, छायाचित्रं नकोत, मनोगतं तर नकोतच. हे पान मागणारं पत्र तुमच्या संस्थेच्या, वकील संघाच्या, शिक्षक संघटनेच्या नावानं विभागाच्या आयुक्तालयाला पुण्यात पाठवा, आणि उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाची फी दहा रुपये आहे.